एफएएचं ना हरकत पत्र म्हणजे हेलिपोर्टचा परवाना नव्हे

अमेरिकेत कुठेही खासगी हेलिपोर्ट, म्हणजे हेलिकॉप्टर उतरायची-उडायची जागा, होऊ घातला की केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या नावाने एक वाक्य हमखास कानावर येतं: "एफएएची मंजुरी आली आहे, आता राहिलं काय?" मालक छाती ठोकून सांगतो, त्याचा सल्लागार री ओढतो आणि स्थानिक वर्तमानपत्र 'एफएए-मान्यताप्राप्त हेलिपोर्ट' असं छापून मोकळं होतं. राहिलेलं असतं बरंच काही. खासगी हेलिपोर्ट चालवायचा परवाना एफएए देतच नाही. विमानतळांना केंद्राकडून जे प्रमाणपत्र मिळतं, त्या केंद्रीय विमान वाहतूक नियमांच्या भाग १३९ मधून हेलिपोर्ट सरळ वगळलेले आहेत.

एफएए काय करते हे बहुतेकांना माहीत असतं, त्यामुळे थोडक्यात उरकतो. त्याच नियमांच्या भाग १५७ नुसार बांधकामाच्या किमान ९० दिवस आधी फॉर्म ७४८०-१ भरून कळवायचं. मग एफएए आसपासचे विमानतळ, विमानांचे मार्ग, उंच इमारती, तारा वगैरे पाहते आणि तीनपैकी एक उत्तर देते: हरकत नाही, अटींसह हरकत नाही किंवा हरकत आहे.

आता मुख्य मुद्दा. हे उत्तर केवळ सल्ला आहे, आणि असं मी म्हणत नाही, खुद्द नियमातच तसं लिहिलं आहे. शिवाय राज्याचे आणि स्थानिक कायदे पाळायची जबाबदारी या पत्रामुळे टळत नाही, हेही तिथेच स्पष्ट आहे. हवेतल्या वाहतुकीला आणि खालच्या माणसांच्या, मालमत्तेच्या सुरक्षिततेला तुमची बाधा होत नाही, एवढंच ते पत्र सांगतं. त्या जमिनीवर हेलिपोर्ट असावा का, झोनिंगमध्ये (कोणत्या जमिनीवर काय चालेल याच्या स्थानिक नियमांत) बसतो का, शेजाऱ्यांनी दिवसातून किती वेळा तो आवाज सोसायचा, हे प्रश्न त्या पत्राच्या कक्षेतच येत नाहीत. ते राज्याचे आणि गावाचे.

कॅलिफोर्नियाचं पाहा. तिथे राज्याच्या परवान्याशिवाय हेलिपोर्ट चालवणं बेकायदा आहे, आणि परवाना दोन टप्प्यांत मिळतो. आधी नगर परिषद किंवा काउंटी मंडळाची मान्यता, पर्यावरणाची कागदपत्रं आणि त्यावर राज्याच्या परिवहन खात्याकडून, म्हणजे कॅलट्रान्सकडून, जागेची मंजुरी. मग बांधकाम, आणि बांधून झाल्यावर चालवण्याचा परवाना. एफएएचं पत्र या फाइलमधला एक कागद असतो, फाइल नव्हे. फ्लोरिडात पद्धत निराळी: जागेची मंजुरी राज्याचीच, पण पुढे सार्वजनिक विमानतळाला परवाना आणि खासगीला नोंदणी. म्हणून 'अमेरिकेत नियम काय?' या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. आधी राज्य सांगा.

माझी सगळ्यात जास्त चिडचिड होते ती एफएएच्या यादीतल्या सांकेतिक क्रमांकावरून. हेलिपोर्टला क्रमांक मिळाला, नकाशावर खूण उमटली, की लोक तेच कायदेशीरपणाचं प्रमाण म्हणून नाचवतात. ती नोंद वैमानिकांच्या माहितीसाठी असते. नोंद आहे म्हणून राज्याने तो चालवायला हो म्हटलं, असं होत नाही.

हेलिपोर्ट, हेलिस्टॉप आणि हेलिपॅड यांच्यातला फरक लोक उगाच चघळतात. साधारणपणे इंधन-दुरुस्तीची सोय नसली तर हेलिस्टॉप, आणि पॅड म्हणजे नुसती उतरायची फरशी. राज्याच्या कायद्यात कोणता शब्द कसा वापरलाय ते बघा आणि पुढे चला.

खरा गोंधळ सवलतींमध्ये होतो, कारण सवलतीही दोन दारांच्या आहेत. कधीमधी वापरायच्या जागेला केंद्राच्या भाग १५७ मधून सूट मिळते: जागेचा वापर एका वर्षापेक्षा कमी काळासाठी, उड्डाणं डोळ्यांनी पाहूनच करायची, आठवड्यात ३ पेक्षा जास्त दिवस नाहीत आणि दिवसाला १० पेक्षा जास्त उड्डाण-अवतरणं नाहीत. कॅलिफोर्नियाची सूट वेगळ्याच मापाची. तिथे रुग्णसेवेची आणीबाणीची जागा परवान्यातून सुटते, पण ती अधिकृत सुरक्षा यंत्रणेने नेमलेली हवी आणि रुग्णासह अवतरणं बारा महिन्यांच्या सरासरीने महिन्याला सहापेक्षा जास्त नकोत. मोठ्या दुर्घटनेचा अपवाद आहे. पहिली सूट दाखवून दुसरी मागणारे रुग्णालयांचे व्यवस्थापक कमी नाहीत. केंद्राचा दहाचा आकडा दिवसाचा आहे आणि सगळ्या उड्डाण-अवतरणांचा, राज्याचा सहाचा आकडा महिन्याचा आहे आणि फक्त रुग्ण आणणाऱ्या फेऱ्यांचा. एकाच्या जोरावर दुसरा ओलांडता येत नाही.

लॉस एंजेलिसच्या उंच इमारतींची सपाट छपरं हेही असंच प्रकरण. १९७४ पासून २०१४ पर्यंत तिथे उंच इमारतींच्या गच्चीवर आणीबाणीत हेलिकॉप्टर उतरवायची सोय सक्तीची होती. वर रंगवलेली वर्तुळं पाहून लोकांना वाटतं, शहरभर हेलिपोर्टच हेलिपोर्ट. आणीबाणीपुरत्या जागेला राज्याचा परवाना लागत नाही, आणि म्हणूनच तिथे साहेबांना बैठकीसाठी उतरवता येत नाही.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे. जमीन आमची तर हेलिकॉप्टरने कुठून, किती वाजता जायचं हेही आम्हीच ठरवू, असं काही गावांना वाटतं. कॅलिफोर्नियातल्या बरबँक शहराने विमानतळावरून रात्री ११ ते सकाळी ७ जेट उड्डाणांना बंदी घातली, तेव्हा १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि तीही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मतांनी. आवाजाचं नियंत्रण केंद्राच्या हातात गेलं आहे, असं बहुमताचं म्हणणं. मात्र विमानतळाचा मालक म्हणून एखाद्या पालिकेला काय करता येईल, हा प्रश्न त्या निकालाने उघडा ठेवला. त्यामुळे हेलिपोर्ट नको असेल तर गावाने जमिनीच्या वापराच्या टप्प्यावर, परवान्याआधीच भांडावं. पाती फिरू लागल्यावर मार्ग आणि उंचीची तक्रार एफएएकडेच न्यावी लागते.