सस्कॅचेवानचा पहिला नंबर आणि फिशरचं वर्गमूळ

मे महिना आला की कॅनडात मजा असते. स्टॅटिस्टिक्स कॅनडा ही सरकारी आकडेवारी संस्था सगळ्या प्रांतांच्या जीडीपीचे आकडे टाकते आणि ज्याचा नंबर वर आला त्या प्रांताचं सरकार लगेच प्रेसनोट काढून मोकळं होतं, की बघा आमची धोरणं कशी फळली. २०२३ च्या मे मधे ही पाळी सस्कॅचेवानची होती. २०२२ या वर्षात रियल जीडीपीची (म्हणजे भाववाढ वगळून मोजलेल्या जीडीपीची) वाढ ५.७ टक्के, सगळ्या प्रांतांत पहिला नंबर. आकडा खरा आहे, त्यात लबाडी काही नाही. पण आकडा खरा असणं वेगळं आणि तो सरकारमुळे असणं वेगळं.

आधी सोपी गोष्ट. २०२१ मधे कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे तिथल्या मैदानी शेतीच्या प्रांतांत, भयंकर दुष्काळ पडला होता, सस्कॅचेवानचा गहू आदल्या वर्षीच्या जवळपास निम्म्यावर आला. पुढच्या वर्षी पीक बरं आलं. आता शंभराचे पन्नास झाले तर घट ५० टक्के, पण पन्नासचे परत शंभर झाले की वाढ १०० टक्के, आणि आपण आहोत तिथेच. याला बेस इफेक्ट म्हणतात. नवी सून घरात आली आणि त्याच दिवशी पाऊस पडला म्हणून पायगुण चांगला म्हणणाऱ्यांना आपण हसतो ना, मग प्रीमियरचा, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्याचा, पायगुण तरी का मानायचा?

दुसरं म्हणजे पोटॅश. हे खताचं पोटॅश तिथे जमिनीखाली साधारण एक किलोमीटरवर आहे, ३८ कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ ते (त्या समुद्राचं श्रेय अजून कुठल्या पक्षाने घेतलेलं नाही). २०२२ मधे युक्रेन युद्ध सुरू झालं, रशिया आणि बेलारूसचा माल अडला आणि पोटॅशचे भाव कुठल्या कुठे गेले.

मग प्रश्न असा की भाव वाढले म्हणून वाढलेला पैसा आणि खरंच जास्त माल निघाला म्हणून वाढलेला पैसा, हे वेगळं कसं करायचं? इथे माझा सगळ्यात आवडता भाग येतो, जरा धीर धरा.

समजा एका प्रांतात दोनच गोष्टी पिकतात, १० टन पोटॅश आणि १० टन गहू, दोन्हींचा भाव ३ डॉलर. एकूण ६०. (आकडे माझे, सोयीसाठी घेतलेत.) पुढच्या वर्षी पोटॅश ९ टन पण भाव ९, गहू १५ टन आणि भाव ४. एकूण १४१. म्हणजे दुपटीहून जास्त! पण हे नुसतं भावाचं फुगलेपण. म्हणून जुनेच भाव लावून बघू, ९ त्रिक २७ आणि १५ त्रिक ४५, झाले ७२. म्हणजे वाढ २० टक्के. बरं, पण जुनेच भाव का? नवे लावा. मग जुना माल नव्या भावाने १३०, नवा माल १४१, वाढ फक्त साडेआठ टक्के.

आता २० खरं की साडेआठ? माल तोच, टन तेच, उत्तरं दोन. अर्विंग फिशर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने सांगितलं की दोन्ही गुणोत्तरांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. १.२० गुणिले १.०८५, वर्गमूळ सुमारे १.१४, म्हणजे वाढ १४ टक्के. कॅनडाच्या खर्चावर आधारित राष्ट्रीय हिशोबात २००१ पासून हीच पद्धत आहे, आणि एकेका वर्षाचं उत्तर पुढच्याला साखळीसारखं जोडत नेतात म्हणून चेन फिशर. साखळीचा एक गमतीदार दुष्परिणाम असा की साखळीतल्या डॉलरमधे (म्हणजे अशी साखळी जोडून भाववाढ काढलेल्या आकड्यांत) शेती, खाण, बांधकाम सगळं मिळवलं तरी बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही. मी पहिल्यांदा ते टेबल बघितलं तेव्हा कॅल्क्युलेटर तीनदा दाबला, वाटलं आपलंच कुठेतरी चुकलं. चुकलेलं काही नसतं, प्रत्येक घटकाची साखळी वेगळी वळते त्यामुळे बेरजेचा नियमच तिथे लागू होत नाही.

हाच फिशर १९२९ च्या ऑक्टोबरमधे म्हणाला होता की शेअरचे भाव आता कायमचे उंच पठारावर पोचलेत, आणि त्यानंतर काही दिवसांतच बाजार कोसळून त्याची स्वतःची संपत्ती गेली. सूत्र मात्र अजून चालतंय. तेजीत भविष्य सांगणाऱ्यांनी, मग ते सरकार असो की यूट्यूबवरचे गुरु, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि एक राहिलंच. सस्कॅचेवानमधल्या सास्काटून शहराच्या पूर्वेला बीएचपी ही ऑस्ट्रेलियन कंपनी यानसेन नावाची भली मोठी पोटॅश खाण बांधतेय, २०२१ च्या ऑगस्टमधे तिला मंजुरी दिली. तिथे आत्ता ओतलं जाणारं काँक्रीट गुंतवणूक म्हणून प्रांताच्या जीडीपीत जातंय, उद्या खाण चालू झाली की मालकांचा नफा ऑस्ट्रेलियाला गेला तरी जीडीपीत तो सस्कॅचेवानचाच मोजला जाणार, कारण जीडीपीत माल कुठे निघाला ते बघतात, पैसा कुणाच्या खिशात गेला ते बघायला वेगळा हिशोब असतो. आणि तो हिशोब प्रेसनोटच्या पहिल्या ओळीत कधी दिसणार नाही.