कान फुटलेला कुत्रा आणि बशीतली वर्तुळं

खानापूरकडे जूनमध्ये पाऊस लागला की दोन-तीन महिने घरातलं काही धड वाळत नाही. कुत्र्याचे कानही नाहीत. तो डोकं झटकतो, पायाने कान ओरबाडतो, मग वास सुटतो. "कान फुटलाय" असं निदान घरीच होतं आणि कोणीतरी कोमट तेल ओततं, नाहीतर माणसाचे उरलेले थेंब.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. आत साचलेली घाण चढ चढून बाहेर यायची कशी? त्यात लॅब्राडॉरसारखे लोंबते कान असले की वाराही लागत नाही.

जंतू बहुधा नंतर येतात. आधी अ‍ॅलर्जी असते, गोचिडीच्या जातकुळीतले बारीक किडे असतात, किंवा माळावरच्या कुसळी गवताचं कुसळ आत शिरलेलं असतं. कातडी सुजली की तिच्यावर एरवी गुमान राहणारा 'स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस' माजतो. जुनाट, वाहत्या कानात 'स्यूडोमोनास' ठाण मांडतो. तो बऱ्याच अँटिबायोटिकांना जन्मजातच दाद देत नाही.

म्हणून आधी कापसाच्या काडीवर मळ घेऊन काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. गोल ठिपके म्हणजे स्टॅफिलोकॉकससारखी जात, काड्या म्हणजे स्यूडोमोनाससारखी, आणि भुईमुगाच्या शेंगेसारखे आकार दिसले तर ते मालासेझिया यीस्ट, म्हणजे बुरशी. तिच्यावर अँटिबायोटिक वाया. पाच-दहा मिनिटांचं हे काम टाळून थेट बाटली लिहून देणं मला तरी पटत नाही.

काड्या दिसल्या किंवा औषध लागू पडेना, तर कल्चर करतात, म्हणजे जंतू वाढवून बघतात. आगर या जेलीच्या बशीवर जंतू पसरून त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या आणि बशी रात्रभर 35 अंशांवर ठेवायची. औषध चालतं तिथे चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ उरतं. बाउअर आणि कर्बी यांनी ही पद्धत 1966 मध्ये नीट बसवून दिली. पण सगळ्यात मोठं वर्तुळ ते सगळ्यात चांगलं औषध, असं नसतं. प्रत्येक औषध आगरात वेगळं पसरतं, म्हणून मिलिमीटर मोजून ज्याच्या-त्याच्या तक्त्याशी ताडून बघावे लागतात.

आणखी एक गोम आहे. हे तक्ते मुख्यतः औषध रक्तात किती पोचतं यावर बेतलेले असतात. कानात थेंब टाकले की तिथे औषध त्याच्या कित्येक पटींनी दाट होतं, त्यामुळे रिपोर्टात 'रेझिस्टंट' (जंतू दाद देत नाहीत) असं आलेलं औषधही कधी कानात चालून जातं. उलटही घडतं: 'सेन्सिटिव्ह' (लागू पडतं) असं आलेलं जेंटामायसिन हे अँटिबायोटिक पुवात निकामी होतं. त्यामुळे आधी कान धुणं आलं. पण कानाचा पडदा फाटलाय का, हे बघितल्याशिवाय ना धुवायचं, ना थेंब टाकायचे. फाटक्या पडद्यातून जेंटामायसिन आत गेलं तर ऐकूच येईनासं होऊ शकतं.

आणि वळणाच्या पलीकडे कुसळ अडकलेलं असेल, तर ते चिमट्यानेच ओढून काढावं लागतं, बहुतेक वेळा भूल देऊन.