जास्त अँटेना म्हणजे जास्त स्पीड? असेलच असं नाही

नवा वायफाय राउटर घ्यायला नागपूरच्या सीताबर्डी बाजारात गेलात की चार-सहा अँटेनांचा पुढे येतो: ‘हा घ्या, नेट सुसाट पळेल.’ कृपा करून अँटेना मोजून पैसे देऊ नका. राउटर स्पीड तयार करत नाही, प्लॅनमध्ये आहे तेवढाच घरात वाटतो. वायफाय दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं; चारपैकी दोन अँटेना २.४ गिगाहर्ट्झ बँडच्या आणि दोन ५ च्या, असं तर सर्रास असतं.

खरी गोम मागच्या बाजूला असते. बऱ्याच स्वस्त राउटरचे पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या खाचा, १०० एमबीपीएस (स्पीडचं माप) पर्यंतचेच असतात. मग प्लॅन २०० चा असो की ३०० चा, केबलमधून आत येतानाच तो शंभराच्या आत अडकतो. खोक्यावर ठळक छापलेलं ‘एसी १२००’ ही दोन्ही बँडची कागदावरची बेरीज आहे. ‘गिगाबिट पोर्ट’ (म्हणजे १००० एमबीपीएसचे) लिहिलंय का, ते आधी बघा.

शिवाय ५ गिगाहर्ट्झ वेगवान असला तरी महाल भागातल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींत दम तोडतो. आणि उन्हाळ्यात कूलरमागे राउटर ठेवूच नका: पत्रा आणि टाकीतलं पाणी, दोन्ही सिग्नल अडवतात.

खरेदीआधी जुन्या राउटरला लॅपटॉप केबलने जोडून स्पीड मोजा. प्लॅनइतका भरला, तर आधी राउटरची जागा बदलून बघा.