‘गूगलला एक नंबरवर आणतो’ म्हणजे नक्की कुठं?

बेळगावच्या शहापुरातल्या एका मिठाईच्या दुकानात मालकांनी, म्हणजे मामांनी, मोबाईल माझ्यापुढं धरला. "महिनाभर आमचं नाव सगळ्यात वर होतं बघा. आता कितीबी खाली सरकवलं तरी दिसत नाही. कुठं गेलं हो?" नाव कुठं गेलं नव्हतं, जाहिरातीचे पैसे संपले होते. "एक नंबरवर आणतो" म्हणणाऱ्यांनी जाहिरात लावून दिली होती आणि मामा समजत होते, दुकानच वर चढलं. दोन्हीतला फरक त्यांना कुणी सांगितलाच नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

गूगलवर काही शोधलं की बऱ्याचदा वरच्या काही ओळींवर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं. त्या जाहिराती. त्यांच्याखाली येतात ते नैसर्गिक निकाल. जाहिरातींची ही व्यवस्था ऑक्टोबर 2000 मध्ये ॲडवर्ड्स नावानं सुरू झाली, 2018 पासून तिला गूगल ॲड्स म्हणतात. कुणी शोध घेतला की त्या क्षणी जागेचा लिलाव होतो आणि बहुतेक वेळा गिऱ्हाइकानं क्लिक केलं तरच आपले पैसे कापले जातात. पैसे थांबले की ओळ गायब. नैसर्गिक निकालात मात्र गूगल जागेसाठी एक रुपयाही घेत नाही. तिथं आपल्या वेबसाइटचं पान वर यायला महिने जातात, आणि आलं तरी कायमचं राहील याची हमी कुणीच देऊ शकत नाही. तशी हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता खरा घोळ. जाहिरात असेल तर मजकुराचं काय काम, असं आपल्याकडं सर्रास मानतात. पण त्या लिलावात नुसती बोली चालत नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते, लोक ती दाबण्याची शक्यता किती आणि दाबल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का, हेही बघितलं जातं. गूगल ॲड्समध्ये प्रत्येक शोधशब्दाला 1 ते 10 असा दर्जाचा अंक दिसतो, तो याच तीन गोष्टींवरून. पान रद्दी असेल तर त्याच जागेसाठी जास्त मोजावं लागतं. म्हणजे चांगल्या मजकुराचं मोल दोन्हीकडं आहे: एकीकडं तो फुकट वर नेतो, दुसरीकडं क्लिक स्वस्त करतो.

मामांची खासियत कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली मिठाई. त्यांच्या पानावर काय होतं? "बेळगाव कुंदा, बेस्ट कुंदा, बेळगाव बेस्ट कुंदा" हेच फिरवून फिरवून. शब्दांची अशी भरताड आता चालत नाही. पानाच्या कोडमध्ये लपवलेले कीवर्ड, म्हणजे शोधशब्द, क्रम लावताना आम्ही बघत नाही, हे गूगलनं 2009 मध्येच सांगितलं. फेब्रुवारी 2011 मध्ये क्रम लावायच्या पद्धतीत गूगलनं केलेल्या ‘पांडा’ नावाच्या बदलानं पोकळ पानं खाली ढकलली. 2022 मध्ये माणसांच्या उपयोगाचा मजकूर वर आणणारी वेगळी यंत्रणा आली, ती मार्च 2024 मध्ये मुख्य यंत्रणेतच मिसळली.

मग मी दोन तास गल्ल्याशेजारी बसून फोनवरचे प्रश्न लिहून घेतले. पुण्याला नेईपर्यंत टिकेल का? फ्रिजमध्ये ठेवायचा का? रविवारी दुपारी उघडं असतं का? एका बाईंनी विचारलं, "एवढा तपकिरी कसा, रंग घालता काय?" मामा म्हणाले, "रंग कसला, ताई! दूध आटवत आटवत साखर करपायच्या बेतात येते, तवा हा रंग उतरतो. उलथनं थांबलं की तळ लागला." माझ्या दृष्टीनं हाच दर्जेदार मजकूर! कढईसमोर उभ्या राहिलेल्या माणसाशिवाय हे वाक्य कुणाला सुचणार? ते जसंच्या तसं पानावर घेतलं, कढईचा फोटोही त्यांच्याच मोबाईलवरचा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. पण आपण बेळगावच म्हणतो आणि इंग्रजीत अजून बरेच जण बेलगाम टाईप करतात. ही नावं वाक्यात सहज येतील तिथं येऊ द्या, यादी करून कोंबू नका. कोल्हापूरचं गिऱ्हाईक मराठीत विचारतं, बैलहोंगलचं कन्नडमध्ये. दोघांसाठी वेगळी पानं करा. एका पानावर एकच भाषा ठेवा, असं गूगलचंही सांगणं आहे. कन्नड पान कन्नड बोलणाऱ्या माणसाकडूनच लिहून घ्या. मशीनचं भाषांतर गोकाकच्या माणसाला दुसऱ्या ओळीत कळतं.

जाहिरात वाईट नाही. दिवाळीच्या आधीचे दहा दिवस, नवी शाखा, सणाची ऑर्डर अशा वेळी महिनोन्‌महिने वाट बघायला सवड कुठं असते? मामांनीही यंदा दिवाळीपुरतीच जाहिरात ठरवलीय, पण ती आता या नव्या पानावर उघडेल. काल त्यांचा फोन आला होता, "कुंदा विमानात न्यायला चालतो का, असं एक जण विचारत होता. तेपण लिहा की." उद्या नीट चौकशी करून ते उत्तर पानावर चढवतोय.