खिशातल्या रेडिओत न मावणारा खर्ज

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. 1961 साली अमेरिकेतली शाळकरी पोरं कानाला लावून हिंडायची त्या ट्रान्झिस्टर रेडिओचा स्पीकर मात्र जेमतेम अडीच इंचांचा. एवढ्याशा कागदी पडद्याला दोन-तीनशे हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या खालचे सूर धड वाजवताच येत नाहीत. म्हणजे हिशेबाने गाण्यातला खर्ज त्या रेडिओतून बाहेर पडतच नव्हता. तरी पोरं त्याच खर्जावर ठेका धरत होती, दुकानात जाऊन तीच तबकडी मागत होती आणि गाण्यांना ‘बिलबोर्ड हॉट 100’च्या यादीत वर चढवत होती. ही यादी तेव्हा नवीच होती. ऑगस्ट 1958 मध्ये सुरू झालेली.

न वाजलेला खर्ज ऐकू येतो, ही करामत मेंदूची. तारेचा सूर कधी एकटा येत नाही. 41 च्या जोडीला 82, 123, 164 अशी पटीतली कंपनंही निघतात, हे उपस्वर. तंबोऱ्याला गंधाराची तार नसते, तरी सुरात लावलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो तो यांच्यामुळेच. ट्रान्झिस्टरमध्ये प्रकार उलटा होता. तिथे वरचे उपस्वर हजर आणि मूळ सूर बेपत्ता. मेंदूला हजर असलेल्या दर दोन शेजाऱ्यांमध्ये 41 चं अंतर सापडतं आणि तो 41 चा सूर ऐकू आल्याचं जाहीर करून मोकळा होतो. ऑगस्ट सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाला 1840 च्या दशकातच सायरनवरच्या प्रयोगांत याचा सुगावा लागला होता. त्यावरून त्याचं ओमशी वाजलं. विजेच्या रोधाचा नियम आपण शाळेत घोकतो, तोच हा ओम. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून आज जो ‘बास’ ऐकू येतो, त्यातही याच भ्रमाचा मोठा वाटा आहे.

पण मेंदूला हिशेब जुळवायला वरचे उपस्वर तरी हवेत. उभ्या डबल बेसचा आवाज गोल आणि मऊ, त्याचे वरचे उपस्वर दुबळे. नॅशव्हिलच्या स्टुडिओंनी यावर सरळ तोडगा काढला. डबल बेसच्या जोडीला सहा तारांची इलेक्ट्रिक बेस गिटार घेऊन दुसरा वादक बसवायचा. तेच सूर तो नखीने, तारा तळहाताने किंचित दाबून वाजवणार. त्यातून कोरडा, टोकदार टोला निघायचा. त्याला नावच पडलं ‘टिक-टॅक’ बेस. मोठ्या स्पीकरवर डबल बेसची गोलाई ऐकू यायची, छोट्यावर टिक-टॅकच्या टोल्यावरून मेंदू बाकीचं भरून काढायचा.

वरच्या टोकालाही कात्री होतीच. स्टेशनं एएमची. अमेरिकेत या पट्ट्यावर स्टेशनांच्या जागा 10-10 किलोहर्ट्झवर आखलेल्या, त्यामुळे स्वस्तातले संच 5 किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक छाटूनच टाकत. खाली तीनशे, वर पाच हजार, एवढ्या फटीतून गाण्याला जायचं होतं. हे पक्कं ओळखलं डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता. मोटारींच्या शहरातली ही कंपनी. तिथली मंडळी गाण्याचं मिश्रण मोटारीतल्यासारख्या छोट्या स्पीकरवर वाजवून बघत. डिसेंबर 1961 मध्ये मार्व्हलेट्स या मुलींच्या चमूने मोटाउनला हॉट 100 मधला पहिला ‘नंबर वन’ मिळवून दिला.

दुसरी अडचण तबकडीची. ती गंमत आकड्यांतच कळते. सात इंची, मिनिटाला 45 फेरे घेणारी तबकडी आरसीए कंपनीने 1949 मध्ये आणली. तिच्यावर सूर कोरलेले असतात खाचेच्या डाव्या-उजव्या वळणांत, आणि सूर जितका खालचा तितकं वळण रुंद. म्हणून खर्ज दाबून आणि तार सप्तक चढवून कोरायचं, अन् वाजवताना प्लेअरने ते उलटं करून घ्यायचं, अशी सामाईक पद्धत अमेरिकी कंपन्यांनी 1954 मध्ये ठरवली. तरीही जागा अपुरीच. खाचेला बाहेरच्या कडेपासून आतपर्यंत मिळतात सुमारे तीन सेंटिमीटर. अडीच मिनिटांच्या गाण्याला 112 फेरे लागतात, म्हणजे फेऱ्यामागे पाव मिलिमीटरहून थोडी जास्त जागा. गाणं चार मिनिटांचं केलं तर फेरे 180 आणि वाटा 0.17 मिलिमीटर. शेजारच्या खाचा एकमेकींत घुसू नयेत, तर मग आवाजच बेताने कोरायला हवा. नाणं टाकून तबकडी वाजवायच्या ज्यूकबॉक्समध्ये आधीची तबकडी दणदणीत वाजली आणि तुमची मिणमिणती, की खेळ खलास.

शिवाय फेऱ्यांचा वेग तोच राहिला तरी आतली वर्तुळं लहान. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला 40 सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या टोकाला 25. सेकंदाला दहा हजार कंपनांच्या सुराची एक लाट बाहेर 0.04 मिलिमीटर लांब असते, आत 0.025. सुईच्या टोकाची त्रिज्याही साधारण तेवढीच. मग ती त्या वळणात शिरणार कशी? गाण्याचा शेवट फाटका वाजतो तो यामुळे. त्या काळची कितीतरी गाणी शेवटी हळूहळू विरत जातात. तबकडी कोरणाऱ्यांची त्याला खचितच हरकत नसणार.

अडीच मिनिटांचा हा रिवाज रेडिओवाल्यांच्याही अंगवळणी पडला. निर्माता फिल स्पेक्टरने 1964 मध्ये राइचस ब्रदर्सच्या एका गाण्याच्या लेबलवर 3:05 छापून घेतलं. गाणं होतं जवळजवळ पावणेचार मिनिटांचं. डीजेंना फसवण्याचा हा प्रकार चक्क यशस्वी झाला.

स्पेक्टर माणूस म्हणून भयंकर निघाला, पुढे खुनाच्या गुन्ह्याची शिक्षा भोगत असतानाच वारला. ध्वनीच्या अंगाने मात्र त्याचं काम बघण्यासारखं आहे. लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत तो एकाच सुरावर दोन-तीन पियानो आणि अनेक गिटार एकदम वाजवून घ्यायचा. दोन वाद्यं कितीही जुळवली तरी तंतोतंत एक होत नाहीत. 440 आणि 441 हर्ट्झ एकत्र आले की सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. अशी डझनभर वाद्यं एकत्र आली की कुठलंच वाद्य वेगळं ओळखू येत नाही, एक जाड, थरथरता आवाज उरतो. मग तो आवाज सिमेंटचा गिलावा केलेल्या बंद खोलीत स्पीकरवर वाजवायचा आणि भिंतींवरून आपटून आलेला मायक्रोफोनने परत उचलायचा. रॉनेट्सचं ‘बी माय बेबी’ असंच घडलं आणि 1963 मध्ये यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. हे सगळं एकाच वाहिनीसाठी, मोनोसाठी रचलेलं. त्याचं ताणून-पसरून केलेलं स्टीरिओ ऐकताना मला तरी त्यातला दम गेल्यासारखा वाटतो.

छोट्या स्पीकरला सर्वांत मानवलेलं वाद्य मात्र विजेवर चालणारं होतं. फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिनने 1947 च्या सुमारास बनवलेलं क्लॅव्हिओलिन. यात एका वेळी एकच सूर वाजतो; तो व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या काचेच्या निर्वात नळ्यांच्या मंडलातून उपस्वरांनी ठासून भरलेला निघतो आणि रेडिओच्या त्या अरुंद फटीत बरोबर बसतो. मॅक्स क्रूक या वादकाने त्यात स्वतःचे सुटे भाग घालून ‘म्युझिट्रॉन’ केलं, आणि 1961 मध्ये डेल शॅननच्या ‘रनअवे’ या गाण्याच्या मधोमध तेच किंचाळतं. त्या गाण्याची टेप वेग वाढवून तबकडीवर चढवली होती, म्हणून शॅननचा आवाजही मुळापेक्षा चढा लागतो. टेपचा वेग वाढला की लय आणि पट्टी दोन्ही एकत्रच वर जातात.

क्लॅव्हिओलिन आपल्या ओळखीचं आहे, फक्त पुंगीच्या वेषात. 1954 च्या ‘नागिन’मधली बीन हीच. हेमंतकुमारांच्या संगीतात ती वाजवली कल्याणजींनी, आणि लताबाईंच्या त्या गाण्यावर थिएटरात लोक डोलू लागले. पुंगीच्या आवाजातही उपस्वरांची गर्दी असते, म्हणून नक्कल इतकी चपखल बसली.

अमेरिकेत याच जातीच्या वाद्याने 22 डिसेंबर 1962 रोजी पहिला क्रमांक गाठला. टॉर्नेडोज या ब्रिटिश चमूचं ‘टेलस्टार’, एकही शब्द नसलेली धून. स्वरलिपी न येणाऱ्या जो मीक या निर्मात्याने ती लंडनमध्ये चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये रचली आणि मुद्रित केली. हॉट 100 च्या माथ्यावर पोचलेला हा पहिला ब्रिटिश चमू. बीटल्स आले ते त्यानंतर वर्षाने.

धून ज्याच्या नावाची, तो टेलस्टार उपग्रह मात्र तोवर मुका झाला होता. बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेने बनवलेला हा 77 किलोंचा गोळा 10 जुलै 1962 ला उडाला आणि अटलांटिकपार थेट दूरचित्रवाणी दाखवू लागला. आदल्याच दिवशी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे 400 किलोमीटर उंचीवर अणुबॉम्बचा स्फोट केला होता. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून पडले, आणि टेलस्टार दर फेरीला त्यांच्यातून जायचा. त्या माऱ्याने त्याचे ट्रान्झिस्टर खराब होत गेले आणि नोव्हेंबरमध्ये तो आज्ञा घेईनासा झाला. ट्रान्झिस्टर जिथे जन्मला त्याच बेल लॅब्जमधल्या अभियंत्यांनी दुरूनच खटपट करून जानेवारी 1963 मध्ये त्याला पुन्हा चालू केलं. 21 फेब्रुवारीला तो कायमचा बंद पडला; धून पहिल्या क्रमांकावरून उतरूनही तेव्हा महिना उलटून गेला होता.