पॉझिटिव्ह लोकांच्या संघटना (मराठवाडा)

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मिळून चालवलेली मंडळं, बचत गट, जिल्ह्याचं नेटवर्क, या सगळ्याला मराठवाड्यात ढोबळपणे पॉझिटिव्ह लोकांची संघटना म्हणतात. बैठकीला बायाच जास्त, त्यातही विधवा. बऱ्याच जणी पाटी लावत नाहीत, शेजाऱ्यांनी विचारलं तर बचत गटाची मीटिंग आहे म्हणून सांगतात आणि ते खोटंही नसतं.

लोकांना वाटतं यांचं काम म्हणजे औषध वाटणं. तसं नाहीये. एआरटीच्या म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या गोळ्या १ एप्रिल २००४ पासून सरकार फुकट देतं, २०१७ पासून तर सीडी४ (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू, आणि आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. अडतं ते दुसरीकडंच, गाडीभाड्यात, कागदात आणि गावाला कळू न देण्यात.

एसटीचंच बघा. एचआयव्ही बाधितांना साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे, पण त्यासाठी कार्ड दाखवायचं कुणाला, तर कंडक्टरला, आणि तो निघतो शेजारच्याच गावचा. म्हणून बाया गपचूप पूर्ण तिकीट काढायच्या. मार्च २०२३ मध्ये सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट झालं तेव्हा खरी सोय झाली, कारण त्यात आजार सांगावा लागत नाही.

सगळ्यात अवघड काळ ऊसतोडीचा. बीड, जालना, धाराशिवकडची जोडपी मुकादमाची उचल (आगाऊ मजुरी) घेऊन दिवाळीच्या आसपास कारखान्यावर जातात ती थेट मार्च-एप्रिलला परततात, आणि गोळ्या सुटतात त्या इथंच. संघटनेच्या कार्यकर्त्या (बहुतेक स्वतःच पॉझिटिव्ह) निघायच्या आधी घरोघर जाऊन दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घ्यायला लावतात, नाहीतर कारखान्याजवळच्या एआरटी सेंटरला ट्रान्सफरची चिठ्ठी काढून देतात. कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, डबी लपवायची कुठं हा प्रश्न उरतोच. तीस गोळ्यांची डबी हलवली की खुळखुळते, म्हणून आत कापूस कोंबायचा, वरचं लेबल खरवडून काढायचं आणि ज्वारीच्या पिठात पुरून ठेवायची, ही अक्कल एकीनं दुसरीला दिलेली.

बाकी वर्षभर तहसीलच्या चकरा. संजय गांधी निराधार योजनेत एड्सग्रस्त बसतात, महिन्याला १,५०० रुपये, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कोण घर चालवतं ते दाखला देणाऱ्यानंच सांगावं. लेकरांसाठी बाल संगोपन योजना आहे, २,२५० रुपये महिना. फॉर्म भरणं, बँकेत आधार लिंक करणं, दरवर्षी हयातीचा दाखला, एकटी बाई यात दमून जाते म्हणून दोघी-तिघी मिळून जातात आणि एकीचं काम झाल्याशिवाय बाकीच्या उठत नाहीत.

ज्या लेकरांना मागं कुणीच नाही त्यांच्यासाठी निवासी प्रकल्प आहेत, लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या हासेगावचं सेवालय आणि बीडजवळ पालीचा इन्फंट इंडिया या संस्थेचा प्रकल्प. या संघटना नव्हेत, पण पोरकं लेकरू बऱ्याचदा संघटनेच्याच हातानं तिथं पोचतं.

कायदाही आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्यानुसार संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करता येत नाही, नोकरी-शाळेत भेदभाव चालत नाही आणि राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. नवरा गेल्यावर सासरचे बाईला माहेरी धाडतात, तिथं हेच शेवटचं कलम कामी येतं. म्हणजे त्याची छापील प्रत पदराआड घेऊन चौघीजणी सासऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसतात, चहा होतो, आवाज चढतात, एखादी खोली आणि वाटणीतलं थोडंफार रान पदरात पडतं. खटल्यापर्यंत सहसा कुणी जात नाही, तारखेला गेलं की गावाला कळतं.