टायमिंग चेनची खरखर

सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाच्या एका बाजूने खरखर येते, थोडी रेस दिली की विरते. गॅरेजवाला कान लावून सांगतो, ‘टायमिंग चेन वाजतेय.’ पुष्कळांना तो मागच्या चाकाच्या चेनबद्दल बोलतोय असं वाटतं. ही चेन वेगळी. ती इंजिनाच्या पोटात, ऑइलमध्ये भिजलेली असते आणि दिसत नाही म्हणून कुणाच्या ध्यानातही नसते. (आरएक्स १०० किंवा जुनी येझदी बाळगणाऱ्यांना हे दुखणं ठाऊकच नाही, त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा उघडणारा कॅम नावाचा दांडाच नसतो.)

खाली क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, दोन फेरे घेतो तेव्हा वर हेडमधला, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरचा, कॅम एकच फेरा घेतो आणि व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, उघडतो-मिटतो. क्रँक ६००० आरपीएमला असेल तर कॅमचे मिनिटाला ३००० फेरे. हा हिशेब दोघांना जोडणारी ही चेन सांभाळते, पण तिच्यावरचा ताण कधीच एकसारखा नसतो. कॅमचा उंचवटा व्हॉल्व्ह दाबू लागला की व्हॉल्व्हची स्प्रिंग त्याला अडवते आणि चेन ताणली जाते. उंचवटा ओलांडला की तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते आणि चेन क्षणभर ढिली पडते. त्यात सिंगल सिलिंडर इंजिन आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, अडखळतच फिरतं: कॉम्प्रेशनला, म्हणजे पिस्टन हवा दाबताना, मंदावतं, स्फोटाला उसळी घेतं. म्हणून खरखर आयडलिंगलाच जास्त ऐकू येते.

चेनच्या ढिल्या बाजूला एक वाकडी पट्टी, म्हणजे गाइड, टेकवलेली असते आणि तिला मागून टेन्शनर रेटतो. बऱ्याच गाड्यांत त्याची दांडी स्प्रिंगवर असते आणि तिला दाते असतात. वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी कशी पुढे सरकते पण मागे येत नाही, तसंच. काही टेन्शनरांत स्प्रिंगच्या जोडीला ऑइलचा दाब असतो. रात्रभर ऑइल खाली उतरलं की सकाळी दोन-चार सेकंद आवाज होतो. तेवढ्याने घाबरू नये. इंजिन तापल्यावरही आवाज टिकला, तर मात्र बघायला हवं.

चेन ‘लांबते’ म्हणतात, पण पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही. झिजतात त्या कड्यांमधल्या पिना आणि बुश. समजा ९० कड्या आहेत आणि प्रत्येकीत ०.०२ मिमी झीज झाली, तर चेन १.८ मिमी लांबली. टेन्शनर दांडी पुढे सरकवून हा ढिलेपणा गिळतो. आणि इथेच तो आपल्याला थोडं फसवतोही. ताणलेल्या बाजूच्या ३५ कड्यांची ०.७ मिमी वाढ त्याच्या हातात नाही. तेवढा कॅम मागे राहतो. कॅमच्या चक्राची त्रिज्या ३० मिमी धरली, तर क्रँकच्या मापात जवळपास पावणेतीन अंशांचा उशीर. आवाज बंद, टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, मात्र सरकलेलं.

म्हणून दांडी किती बाहेर आली आहे, हीच चेनची खरी प्रकृती. टेन्शनर काढलाच, तर ती बघून घ्यायला सांगा. ती जवळजवळ पूर्ण बाहेर आली असेल, तर नुसता नवा टेन्शनर बसवून भागत नाही; चेन आणि गाइडही बदलावे लागतात. तसंच चालवत राहिलं, तर चेन एखाद्या दिवशी दात सोडते. मग गाडीला दम राहत नाही, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. झिजलेल्या गाइडचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात, ते वेगळंच.

झीज लांबवायची तर मुख्य काम ऑइलचं. १०० सीसीच्या गाडीत ते जेमतेम लिटरभर, आणि चेन, पिस्टन, गिअर, क्लच सगळे त्यावरच जगतात. त्यातलं पाव लिटर कमी झालं तर किती गेलं, याचा अंदाज करा. पातळी महिन्यातून एकदा बघायला काहीच लागत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड आणि किलोमीटर पाळायचे.

आवाज मात्र नीट ओळखायला हवा. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची, टकटक मोजून-मापून येते: १४०० आरपीएमला एका व्हॉल्व्हची सेकंदाला साधारण १२ वेळा. चेनची खरखर विस्कळीत असते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सिलिंडरच्या चेनकडच्या बाजूला टेकवून मूठ कानाशी धरली की फरक कळतो.

टेन्शनर परत बसवण्याआधी दांडी आत घेऊन अडकवायची असते, आणि बोल्ट आवळल्यावरच सोडायची. माझ्या गाडीत एकदा ती तशीच बाहेर ठेवून बोल्ट आवळले होते. खरखर थांबली, पण जरा वेग घेतला की बारीक शीळ ऐकू येऊ लागली. चेन गाइडवर करकचून घासत होती. दोन दिवसांनी सगळं पुन्हा उघडावं लागलं, तेव्हा गाइडवर चेनचे दोन खोल चर पडलेले होते.